घरातल्या लेखकाचे कागद: बडोद्यात विद्यापीठाला द्यावेत का, आणि कसे?

दांडियाबाजार (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या घरचा आहे, पण बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरच्या बऱ्याच मराठी घरांत तो आज ना उद्या येणार, म्हणून इथे मांडते.

आमचे आजोबा बडोद्यात शाळामास्तर. मासिकांत कथा लिहायचे, गणेशोत्सवात नाटुकली बसवायचे, व्याख्यानं द्यायचे. पुण्या-मुंबईत नाव झालं नाही, पण पत्रव्यवहार दांडगा होता. आलेलं पत्र टाकायचं नाही हा नियम. स्वतः पाठवलेल्या पत्रांच्याही कार्बन प्रती पुष्कळ आहेत. माझी आत्या इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सची, चित्रकार बेंद्रे तिथे शिकवत होते त्या काळातली. तिची स्केचबुकं, वर्गातल्या टिपणवह्या, छापचित्रांच्या दोन-तीन तांब्याच्या प्लेट, मैत्रिणींची पत्रं, फोटोच्या निगेटिव्ह. दोघंही आता नाहीत. घर दिवाळीनंतर बिल्डरच्या ताब्यात जाणार.

घरात दोन मतं आहेत. चुलतभावाचं म्हणणं, नावाजलेल्या मंडळींची पत्रं तेवढी काढून घेऊ, आत्याची चांगली चित्रं फ्रेम करू, बाकीचं पस्तीवाल्याला. तो वाईट माणूस नाही. त्याच्या फ्लॅटमध्ये खरंच जागा नाही.

माझं मत असं की द्यायचं तर सगळं द्यायचं. का, ते एका गठ्ठ्यावरून सांगते.

सुतळीने बांधलेला गठ्ठा. आत एका कथेचे तीन खर्डे, शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेले. पहिल्या दोन खर्ड्यांत कथेतली विधवा भावाचं घर सोडून नोकरीला निघते. तिसऱ्यात ती उंबऱ्यापाशी थांबते आणि परत फिरते. छापून आली ती ही तिसरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्याच्या मध्ये संपादकांचं पोस्टकार्ड आहे: शेवट वाचकांना रुचणार नाही, बदलून पाठवल्यास पुढच्या अंकात घेऊ. त्याखाली आजोबांच्या उत्तराची कार्बन प्रत, बदलतो म्हणून. आणि त्याच्याखाली, त्याच टाचणीत, आजीच्या आजारपणातलं डॉक्टरांचं बिल.

ते बिल त्या टाचणीत मुद्दाम लावलं की हाताला आलं म्हणून, कोण सांगणार. पण चुलतभावाच्या यादीत यातलं फक्त पोस्टकार्ड वाचतं, कारण ते संपादक नावाजलेले होते. खर्डे पस्तीत, बिल पस्तीत. मग पोस्टकार्डात उरलं काय? एका मोठ्या माणसाची सही. त्या काळात मराठी कथेतली बाई घराबाहेर का पडू शकली नाही, हे सांगणारा पुरावा गेला.

म्हणून विचारते:
विद्यापीठं असं काही घेतात का? घेतलं तर सांभाळतात का? देण्याआधी घरी काय करावं, काय करू नये? आणि डायऱ्यांचं काय करायचं? त्यात घरातलं बरंच आहे.

सूरसागर

स्कॅन करा आणि आंतरजालावर टाका. आजकाल फोनवरही उत्तम स्कॅन होतं. विद्यापीठाच्या कपाटात गेलेला कागद आणि विहिरीत पडलेली घागर सारखीच. आंतरजालावर निदान अमेरिकेतल्या नातवालाही वाचता येईल. माझ्या मामांच्या कविता आम्ही अशाच ठेवल्या आहेत.

अभिलेख

ग्रंथालयात आणि नंतर दप्तरखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

सर्वात आधी: ताई, गठ्ठे सोडू नका. तुम्ही सांगितलेली टाचणी हाच आमच्या कामाचा पाया. ज्या माणसाने कागद ठेवले त्याने ते ज्या क्रमाने ठेवले, तो क्रम मोडायचा नाही. एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. आजोबांचा संग्रह वेगळा, आत्याचा वेगळा, एकाच घरातून आले तरी. घरचे लोक प्रेमापोटी बसतात आणि सगळी पत्रं तारीखवार लावतात, पाकिटं फेकतात. पाकिटावरचा टपालाचा शिक्का ही कित्येकदा एकमेव तारीख असते, कारण पत्रात नुसतं "गुरुवार" लिहिलेलं असतं.

सूरसागर यांच्या सूचनेबद्दल. स्कॅन जरूर करावं, पण ते कागदाला पर्याय नाही. शाई कुठली, कागद कुठला, खोडलेल्या ओळीखाली काय होतं, चिकटवलेल्या पट्टीमागे काय आहे, हे मूळ कागदच सांगतो. शिवाय फाइल कोण सांभाळणार? वेबसाइटचे पैसे भरणारा माणूस गेला की वेबसाइट जाते.

निवडक ठेवण्याबद्दल आपल्याच इतिहासातलं उदाहरण देतो. रियासतकार सरदेसाई. उमेदीची सारी वर्षं बडोद्यात सयाजीरावांच्या नोकरीत, निवृत्तीनंतर पेशवे दप्तराचं काम अंगावर घेतलं आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निवडक कागदांचे ४५ भाग काढले. अफाट काम. पण ती निवड त्या काळच्या नजरेने केलेली: लढाया, तह, कारभारी. पुढे ज्यांना शेतसारा, बाजारभाव, जातींचे तंटे, बलुतेदार यांचा अभ्यास करायचा होता त्यांना परत पुण्याला जाऊन उरलेले रुमालच, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडावे लागले. नशीब की ते होते. सरदेसायांनी निवडलं, पण उरलेलं कोणी पस्तीत घातलं नाही. तुमच्या चुलतबंधूंना एवढंच सांगा.

आता घरी काय करायचं.

कपाट हलवण्याआधी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा. मग एकेक गठ्ठा जसाच्या तसा कागदी फोल्डरमध्ये, आणि फोल्डरवर शिसपेन्सिलीने: मधलं कपाट, वरून दुसरा कप्पा, डावीकडून तिसरा. पेन नको, लेबलं चिकटवणं नको. रबरबँड असतील तर कापून काढा, ते वितळून कागदाला चिकटतात. सुतळी सैल करून सुती नाडी बांधा. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद फाटतो. राहू द्या, ते काम जाणकार करील. फाटलं असेल तिथे सेलोटेप अजिबात नको, दहा-पंधरा वर्षांत तो पिवळा पडून शाईसकट डाग धरतो. लॅमिनेशन तर विषच. आपल्याकडे कित्येक चांगल्या संग्रहांची लॅमिनेशनने वाट लावली आहे, हेतू चांगला असूनही.

वर्तमानपत्रांची कात्रणं पत्रांना चिकटून असतील तर मध्ये साधा पांढरा कागद घाला, वेगळी करू नका. छापील वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल तयार होतं आणि ते शेजारच्या कागदालाही तपकिरी करतं. जुना हातकागद दोनशे वर्षं टिकतो आणि १९५० चं मासिक हातात तुकडे होतं, त्याचं कारण हे.

प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्या नकोत. बडोद्याच्या पावसाळ्यात आत दमट राहून बुरशी येते. बुरशी किंवा वाळवी दिसली तर तो गठ्ठा ताबडतोब वेगळ्या खोलीत. डांबरगोळ्या कागदांत टाकू नका.

आणि काही फेकू नका. किराणा, दूधवाल्याचा हिशेब, नाटुकल्याच्या तालमीला चहा किती आला ते, समासात टिपा केलेली पुस्तकं, कोऱ्या वह्यासुद्धा. फेकायचं काय ते घेणारे ठरवतील, आणि ठरवताना तुम्हाला विचारतील.

मांडवी_गेट

वाचतेय. आमच्याकडेही सासऱ्यांच्या कीर्तनाच्या वह्या आहेत. अभिलेख काका, खूप आभार. सेलोटेप लावायला काढलाच होता.

फतेगंज

फाइन आर्ट्सच्या बाजूने थोडं.

ताई, आत्याच्या वस्तूंकडे "चांगली चित्रं आणि बाकीचं" असं बघू नका ही विनंती. १९५० मध्ये फॅकल्टी सुरू झाली तेव्हा कला विद्यापीठात शिकवायची म्हणजे काय करायचं हे तिथे रोज नव्याने ठरत होतं. मूळचे इंदूरचे बेंद्रे, शांतिनिकेतनात घडलेले शंखो चौधरी आणि १९५१ मध्ये आलेले सुब्रह्मण्यन. हे शिक्षक वर्गात काय बोलले ते छापील पुस्तकांत फार थोडं सापडतं. ते विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांत असतं. कोणत्या गृहपाठाला काय दिलं, रेखाटनावर गुरुजींनी कोपऱ्यात कुठे दुरुस्ती केली, रंग कसा घोटायला सांगितला. आणि त्या पहिल्या पिढीतल्या मुलींच्या वह्या तर अजून दुर्मीळ, कारण बऱ्याच जणींनी पुढे चित्रं प्रदर्शनात ठेवली नाहीत. तुमच्या आत्याची वही त्यासाठी तिच्या चित्रांइतकीच मोलाची आहे.

बडोद्यात या दिशेने मोठं काम झालं आहे. हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हने ज्योती भट्ट, रतन परिमू, गुलाममोहम्मद शेख आणि के. जी. सुब्रह्मण्यन यांचे खाजगी संग्रह डिजिटल केले. फोटो, निगेटिव्ह, पत्रं, प्रदर्शनांची निमंत्रणं, शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात चालवलेल्या 'वृश्चिक' या नियतकालिकाचे अंक. आज दिल्लीतला किंवा लंडनमधला विद्यार्थी बडोद्याला न येता ते बघू शकतो. ज्योतीभाईंनी फॅकल्टीतलं रोजचं जगणं कॅमेऱ्यात धरलं नसतं तर त्या काळच्या कितीतरी भित्तिचित्रांचा, मेळ्यांचा, वर्गांचा मागमूस उरला नसता.

पण हे काम ज्यांचं नाव झालं त्यांच्यापर्यंत आधी पोचलं, आणि ते स्वाभाविकही आहे. तुमच्या आत्यासारख्यांचं कोणी करायचं? माझ्या मते ते काम विद्यापीठाचं. त्यांच्याच विद्यार्थिनीची वही आहे ती.

चित्रकार नसरीन मोहमेदींच्या डायऱ्या पाहिल्या आहेत का कोणी? त्या १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत बडोद्यात शिकवत होत्या. पानावर लिहायचं आणि मग ओळीच्या ओळी शाईच्या पट्ट्यांनी झाकायच्या. त्यांच्या रेषेची चित्रं समजायला त्या डायऱ्यांची फार मदत होते. कोणी त्यांना खाजगी नोंदी म्हणून जाळून टाकलं असतं तर आपल्याला काय गेलं ते कळलंही नसतं.

व्यावहारिक: कोळसा किंवा पेस्टलची रेखाटनं एकावर एक दाबून ठेवू नका, मध्ये बटरपेपर ठेवा. फिक्सेटिव्ह मारू नका. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म कुजायला लागली आहे, ती लगेच वेगळी करून थंड जागी ठेवा आणि त्याच स्कॅनिंगला आधी घ्या. कागद थांबेल, फिल्म थांबणार नाही.

रेवाकाठ

सगळ्यांचं वाचलं. माझं मन थोडं वेगळं सांगतं.

आमच्या घरी आजीची पत्रं होती, तिने माहेरी लिहिलेली. त्यात तिचं गेलेलं मूल होतं, आजोबांचा राग होता, सासूबद्दल जे कोणापाशी बोलता आलं नाही ते होतं. ती लेखिका नव्हती, आजोबा लेखक होते. त्यांच्या कागदांबरोबर तिची पत्रंही दिली असती तर कोणीतरी तिच्या दुःखावर प्रबंध लिहिला असता, आणि त्या प्रबंधात ती "लेखकाची पत्नी" एवढीच असती. तिला कोणी विचारलं होतं का?

लेखकाने स्वतः ठेवलं ते द्या. पण त्या कागदांत ज्या बायका, नोकर, शेजारी सापडतात त्यांनी काही संमती दिलेली नसते. सगळं द्यायचं असं म्हणताना याचा विचार व्हावा.

दांडियाबाजार (धागाकर्ती)

@रेवाकाठ, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ थांबले. आजोबांच्या डायऱ्यांत माझ्या एका काकूबद्दल असं आहे की तिची मुलं अजून हयात आहेत आणि त्यांना ते माहीत नाही. चुलतभावाला डायऱ्या नकोत त्यामागे हेही कारण आहे, तो उघड बोलत नाही इतकंच.

पण नष्ट करणं आणि आज उघडणं यांच्यामध्ये काही वाट असेल ना? वकील मंडळी कोणी आहेत का?

न्यायमंदिर

आहे. तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात, त्या सुट्या करतो.

पहिली, कागदाची मालकी. आजोबांना आलेली पत्रं हा आजोबांचा माल, आता सर्व वारसांचा. म्हणून दान देताना सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एका भावाची राहिली तर दहा वर्षांनी तोच प्रश्न उभा करतो. जंगम वस्तूचं दान ताबा देऊनही पुरं होतं, तरी दानपत्र लेखी करा आणि त्याला यादी जोडा.

दुसरी, लेखनाचा हक्क. पत्र ज्याला आलं त्याच्याकडे कागद असतो, पण त्या शब्दांचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेलं लेखन त्याच्या पश्चात छापलं तर त्या पहिल्या प्रकाशनापासून ६० वर्षं धरतात. म्हणजे ते संपादकांचं पोस्टकार्ड तुम्ही विद्यापीठाला देऊ शकता, तिथे बसून अभ्यासक ते वाचू शकतो. पण आंतरजालावर टाकायचं तर संपादकांच्या वारसांची परवानगी लागेल. सूरसागर, तुमच्या मामांच्या कविता टाकल्या ते ठीक, वारस तुम्हीच. मामांना आलेली पत्रं मात्र अशी टाकू नका. आजोबांच्या आणि आत्याच्या स्वतःच्या लेखनाचा हक्क विद्यापीठाला द्यायचा की घरात ठेवायचा, हे दानपत्रात स्वच्छ लिहा. न लिहिल्यास पुढे अभ्यासकाला पुस्तकात एक उतारा घ्यायला तुमची नातवंडं शोधत फिरावं लागतं.

तिसरी, पाहण्याची मुभा. हा रेवाकाठ यांच्या प्रश्नाचा भाग. दानपत्रात मुदत घालता येते: अमुक डायऱ्या अमुक वर्षापर्यंत सीलबंद, किंवा अमुक व्यक्ती हयात असेपर्यंत. जगभर हीच पद्धत आहे. मुदत मात्र ठरावीक ठेवा. "कुटुंबाच्या परवानगीने" असं मोघम लिहू नका, कुटुंब पांगतं आणि परवानगी द्यायला कोणी सापडत नाही.

आणखी एक. ज्या हस्तलिखिताला किंवा कागदाला वाङ्मयीन वा ऐतिहासिक मोल आहे आणि ज्याला ७५ वर्षं झाली आहेत, तो १९७२ च्या कायद्याने पुरावशेषात मोडतो. तो देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी विद्यापीठं पैसे देतात म्हणून काही घरं तिकडे वळतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

ग्वाल्हेर_लष्कर

आमच्याकडचं सांगतो. भा. रा. तांबे आमच्या शहराचे राजकवी, १९४१ साली इथेच गेले. त्यांच्या समग्र कवितेत कवितेबरोबर जाती (म्हणजे वृत्त), राग, ठिकाण आणि साल दिलेलं आढळतं. माझ्या लेकीने शाळेत विचारलं, "बाबा, कवीला हे सगळं लक्षात कसं राहिलं?" तर कोणीतरी नोंदी जपल्या, कोणीतरी ते जुळवून छापलं, म्हणून आज कळतं की कोणती कविता इथल्या लष्कर भागातली आणि कोणती दुसऱ्या गावची.

मध्य भारतातल्या मराठी माणसांची अडचण तुम्हा बडोदेकरांसारखीच आहे. राज्य हिंदी भाषकांचं, तुमचं गुजराती. पुढची पिढी मराठी बोलते पण वाचत नाही. माझ्या मित्राने आजोबांचे कागद दाखवायला काढले तर मुलगा म्हणाला, पापा, इसमें लिखा क्या है? ज्या घरात वाचणारा उरला नाही तिथे कागद पस्तीत जाणारच. त्यामुळे मी धागाकर्तीच्या बाजूने. आणि ते बडोद्यातच राहावेत. पुण्याला पाठवले तर सांभाळतील कदाचित, पण पुण्याच्या ढिगात बडोद्याचा शाळामास्तर कोण शोधणार?

रावपुरा_टॉवर

मी उलट अनुभव सांगतो, नाउमेद करायचं नाही पण सावध करायचं आहे.

आम्ही वडिलांचा संग्रह एका संस्थेला दिला. नाव लिहीत नाही, शहरही नाही. हार, श्रीफळ, फोटो, भाषण सगळं झालं. काही वर्षांनी एका संशोधिकेने बघायला मागितला तर तिला सांगितलं असा संग्रहच आमच्याकडे नाही. आम्ही गेलो तर पेट्या जिन्याखाली, दोन ओल्या, आणि पुस्तकं मुख्य ग्रंथालयात मिसळलेली, वडिलांच्या समासातल्या टिपांसकट. ज्यांनी घेतलं ते निवृत्त झाले होते. नवीन माणसाचा दोष नव्हता, त्याला कोणी यादीच दिली नव्हती.

आईने त्या दिवशी जिन्यातच एकेक पेटी उघडून कुठली कशाची हे सांगितलं आणि आम्ही नव्याने यादी केली. मला आजही वाटतं की आम्ही पावती मागायला हवी होती असं म्हणणं सोपं आहे, पण घेणाऱ्याने ती न मागता द्यायला हवी होती.

अभिलेख

रावपुरा, वाचून वाईट वाटलं. हे माझ्याच क्षेत्राचं अपयश आहे.

ताई, देण्याआधी समोरच्याला हे विचारा. दाखल नोंदवहीत क्रमांक पडणार का आणि तो लेखी मिळणार का? यादी कोण करणार, किती काळात? संग्रह आजोबांच्या नावाने एकत्र राहणार ना? कोणत्या मजल्यावर ठेवणार?

मजल्याचा प्रश्न बडोद्यात फार महत्त्वाचा. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली. तळमजल्यावरचे किती घरगुती संग्रह त्यात गेले त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. ओला झालेला कागद उन्हात वाळत घालू नका, पानं उकलू नका. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात काही करता येत नसेल तर गठ्ठा तसाच पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेला कागद थांबून राहतो, नंतर थोडा थोडा काढून टिपकागदात वाळवता येतो.

कुठे विचारायचं? माझ्या मते विद्यापीठाचा मराठी विभाग, हंसा मेहता ग्रंथालय आणि आत्याच्या संग्रहासाठी फाइन आर्ट्स फॅकल्टी. प्राच्यविद्या मंदिराचं बळ जुन्या हस्तलिखितांत आहे, पण जपणुकीचा सल्ला तिथे जरूर मागावा. एकट्या प्राध्यापकाच्या ओळखीवर देऊ नका, विद्यापीठाच्या लेटरहेडवर पत्र घ्या. प्राध्यापक निवृत्त होतात, लेटरहेड राहतं.

बाहेर हे होतं आहे, आपल्याकडेच व्हायला वेळ लागतो. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये रवींद्रनाथांचं लेखन हस्तलिखितांसह आंतरजालावर मांडलं, एकाच कवितेचे वेगवेगळे पाठ शेजारी ठेवून ताडून बघता येतात. हरियाणात अशोका विद्यापीठ समकालीन भारतातल्या व्यक्तींची कागदपत्रं घेतं. मुंबईच्या कवींचे कागद अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठापर्यंत पोचले. आणि बडोद्यात १९१० मध्ये सयाजीरावांनी ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, पेट्यांतून पुस्तकं खेड्यांत फिरवली. त्या शहराला एका शाळामास्तराच्या पेट्या जड होऊ नयेत.

सूरसागर

अभिलेख, न्यायमंदिर, मान्य. पत्रांचं मी तपासतो.

एक भर घालतो, माझ्या कामाची आहे. मामांचं शेवटच्या दहा वर्षांचं लेखन कॉम्प्युटरवर होतं, श्रीलिपीत. युनिकोडच्या आधीचे ते फॉन्ट. नव्या मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार गडबडतात, म्हणून मूळ फाइल, फॉन्ट आणि शक्य असेल तर कागदावर छापलेली एक प्रत, तिन्ही जपा. १९९० ते २०१० च्या दरम्यान ज्या मराठी लेखकांनी टंकन केलं त्यांचं लेखन कागदापेक्षा लवकर नाहीसं होतंय. फ्लॉप्या, जुने हार्ड डिस्क, बंद पडलेला कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. सलमान रश्दींच्या कागदांबरोबर अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाने त्यांचे जुने मॅक कॉम्प्युटरही घेतले आणि २०१० मध्ये संग्रह खुला करताना त्यातलं एक मशीन वाचकाला जसंच्या तसं वापरून बघता येईल अशी सोय केली.

जे लेखक हयात आहेत त्यांच्या घरच्यांनी ईमेलचा पासवर्ड कुठे आहे हे आत्ताच विचारून ठेवा. ही आजची पत्रपेटी आहे आणि तिला कुलूप आहे.

फतेगंज

हयात असताना द्यावं हे सूरसागर यांच्या बोलण्यातून निघतं, ते मला फार पटतं. लेखक स्वतः बसून सांगू शकतो की "ह्या फोटोतली डावीकडून तिसरी कोण". मागे राहिलेल्यांना ते नाव कधीच लावता येत नाही.

दांडियाबाजार (धागाकर्ती)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रविवारी घरचे बसलो होतो, जे ठरलं ते सांगते.

चुलतभावाला तो गठ्ठा हातात दिला आणि टाचणी न काढता वाचायला सांगितलं. त्याने बिल पाहिलं. तो आजीचा लाडका. त्यानंतर पस्तीचा विषय निघाला नाही. सरदेसायांचं उदाहरण सांगायची वेळ आली नाही, पण अभिलेख काका, ते मी विद्यापीठाला लिहायच्या पत्रात घालणार आहे.

दोन संग्रह, दोन दानपत्रं. आजोबांचे कागद आणि टिपा असलेली पुस्तकं एकत्र. आत्याची स्केचबुकं, टिपणवह्या, प्लेट आणि निगेटिव्ह फाइन आर्ट्ससाठी. निगेटिव्हला आंबट वास आहे, तेव्हा त्यांचं स्कॅनिंग आधी. तिची दोन चित्रं घरी राहतील, पण त्यांचे फोटो आणि ती कोणाकडे आहेत याची नोंद संग्रहात असेल.

डायऱ्या सीलबंद, ३० वर्षं. काकूच्या धाकट्या मुलाचं वय धरून आकडा काढला. रेवाकाठ, आमच्याही आजीने माहेरी लिहिलेली काही पत्रं तिच्या भावाने नंतर परत आणून दिली होती, ती आजोबांच्या कपाटात नव्हती, तिच्या ट्रंकेत होती. ती आम्ही देत नाही आहोत. क्रम मोडायचा नाही हे तत्त्व तिलाही लागू असं मला वाटलं: तिने ती वेगळी ठेवली होती.

विद्यापीठातल्या दोन विभागांना पत्रं गेली. एकीकडून येऊन बघतो असं उत्तर आलं आहे. दाखल क्रमांक आणि वरचा मजला, दोन्ही अटी लेखी कळवल्या आहेत.

आता एक अडचण. आजोबांच्या कपाटाच्या तळाशी त्यांच्या वडिलांचे चार रुमाल निघाले, सगळे मोडी लिपीत. संस्थानच्या कचेरीतले हिशेब असावेत असा अंदाज. ते आजोबांच्या संग्रहात धरायचे की वेगळे? आणि बडोद्यात मोडी वाचणारं कोणी आहे का, जे घर रिकामं व्हायच्या आत येऊन नुसती वरवरची यादी करून देईल?

अभिलेख

आजोबांनी स्वतःच्या कपाटात ठेवले म्हणजे त्यांच्याच संग्रहात, उपविभाग वेगळा. सरकारी कचेरीचे मूळ कागद निघाले तर मात्र आधी अभिलेखागाराला दाखवा, संस्थानाची दप्तरं तिथे आहेत.

प्रतापनगर

मोडी वाचतो. बडोदी वळण जरा वेगळं असतं पण हात बसलेला आहे. निरोप पाठवला आहे, शनिवारी दुपारी येऊ शकेन. रुमाल सोडून ठेवू नका, गाठ कशी मारली आहे तेही बघायचं आहे.